स्टॉक इंजिनावर टर्बो आणि मेगास्क्वर्ट-३: दोन हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

मेगास्क्वर्ट-३ हा इंधन आणि ठिणगी ठरवणारा स्वतंत्र इंजिन कंट्रोलर मी गेले दोन हंगाम माझ्या १९९५ सालच्या माझ्दा मियाटावर वापरतो आहे. या गाडीच्या १८३९ सीसी इंजिनाला कारखान्यातून टर्बो नव्हता. तो मी नंतर बसवला, इंजिन मात्र आतून मूळचेच (स्टॉक) ठेवले: पिस्टन तेच, कनेक्टिंग रॉड तेच, हेड गॅस्केटही तेच. त्यामुळे या परीक्षणापुढे प्रश्न एकच आहे. जे इंजिन बाहेरून दाबून भरलेल्या हवेसाठी घडवलेलेच नव्हते, ते या कंट्रोलरच्या भरवशावर सुरक्षितपणे चालवता येते का? माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु ती सुरक्षितता डब्यासोबत मिळत नाही, ती एकेका आकड्याने आपल्यालाच त्यात भरावी लागते.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या परिसरात राहतो. गाडी फक्त ट्रॅकसाठी आहे. ती ट्रेलरवर चढवून जिंजरमन किंवा वॉटरफर्ड हिल्सच्या ट्रॅकवर नेतो आणि ट्रेलरवरूनच परत आणतो. हे आधीच सांगण्याचे कारण असे की अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेत फेरफार करणे ‘क्लीन एअर ॲक्ट’खाली बेकायदा आहे आणि मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कारखान्याचा संगणक) काढून त्या जागी असा कंट्रोलर बसवणे हा उघडउघड फेरफारच आहे. पुढे जे लिहिले आहे ते ट्रॅकच्या गाडीविषयी आहे, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

कंट्रोलरकडे वळण्यापूर्वी इंजिनाची कुवत समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्या कुवतीची मर्यादा ठरवल्याशिवाय कोणताही कंट्रोलर ट्यून करता येत नाही. या मियाटाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचे. माझे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फाउंड्रीत आयुष्यभर ओतकाम करत होते, आणि बीड दाबाला पुरून उरते पण ओढीला दगा देते, हे मी लहानपणीच त्यांच्याकडून ऐकले होते. सुदैवाने या इंजिनाचा ब्लॉक भरपूर जाड आहे, त्यामुळे आधी हार मानणारा भाग तो नव्हे. कमजोर दुवे दोन. पहिला म्हणजे कनेक्टिंग रॉड, जो सिलिंडरमधील दाब फार वाढला की वाकतो. दुसरा म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमचे पिस्टन, ज्यांच्या रिंगांच्या खाचांमधील पातळ कडा नॉकिंगच्या (मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकण्याच्या) हादऱ्यांनी तुटतात.

या दोन दुव्यांचा नीट विचार केला की ‘स्टॉक इंजिन किती बूस्ट सहन करेल?’ हा नेहमीचा प्रश्न अपुरा आहे हे लक्षात येते. बूस्ट हा इनटेकमधील दाब आहे. रॉड वाकवतो तो सिलिंडरमधील दाब, आणि त्याचे ढोबळ माप म्हणजे त्या क्षणीचा टॉर्क. ३००० आरपीएमवर लहान टर्बोने अचानक भरलेले ०.७ बार हे ६००० आरपीएमवरच्या ०.७ बारपेक्षा रॉडसाठी कितीतरी जड असतात. खालच्या आरपीएमवर जळणाऱ्या मिश्रणाला दाब वाढवायला जास्त वेळ मिळतो आणि पिस्टन तेवढ्या वेगाने खाली सरकत नसतो. उलट वरच्या आरपीएमवर पिस्टन आणि रॉड यांच्या जडत्वाचे बल काही प्रमाणात ज्वलनाच्या दाबाच्या विरुद्ध काम करते. तेथे रॉडला भीती दाबाची कमी आणि ताणाची अधिक, आणि तो ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मी दोन मर्यादा ठरवल्या: क्रँकवरचा टॉर्क २४० न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि कारखान्याने ठरवलेली आरपीएमची मर्यादा एका आकड्यानेही वाढवायची नाही. मूळ इंजिन सुमारे १५० न्यूटन-मीटर देते, हे पाहता ही वाढ थोडी नव्हे.

तिसरी मर्यादा उष्णतेची. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापवतोही. बाहेर २५ अंश सेल्सिअस तापमान असेल, हवा दीडपट दाबली असेल आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण ७७ अंशांची असते, १.७ पट दाबली तर ती ९५ अंशांच्या आसपास जाते. बऱ्यापैकी इंटरकूलर यातील सुमारे ७० टक्के वाढ परत काढून घेतो, म्हणजे पहिल्या उदाहरणात इंजिनात जाणारी हवा चाळिशीच्या थोडी वर राहते. इंटरकूलरशिवाय ०.५ बार आणि इंटरकूलरसह ०.५ बार यांचा गेजवरील आकडा सारखाच असतो, पण नॉकिंगच्या दृष्टीने ती दोन वेगळी इंजिने असतात. माझ्या गाडीत गॅरेटचा जीटी२५६०आर हा बॉल बेअरिंगचा लहान टर्बो आणि रेडिएटरपुढे इंटरकूलर आहे. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग साधारण ०.४८ बारची, म्हणजे ७ पीएसआयची आहे. ही स्प्रिंग मुद्दाम मऊ निवडली. बूस्ट कंट्रोलर दाब स्प्रिंगच्या वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. म्हणून सगळे इलेक्ट्रॉनिक्स बंद पडले तरी इंजिन जेवढे निमूट सोसेल तेवढाच दाब स्प्रिंगने द्यावा, ही माझी पहिली अट होती.

आता कंट्रोलर. मेगास्क्वर्टची सुरुवात ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी केली आणि पुढे ते कुटुंब वाढत गेले. माझ्याकडे व्ही३.५७ बोर्डावर मेगास्क्वर्ट-३ कार्ड आणि एमएस३एक्स हे जोडकार्ड आहे. त्यामुळे आठ इंजेक्टर आणि आठ कॉइल स्वतंत्रपणे चालवता येतात, ज्यांतील निम्मे मला लागतच नाहीत. बोर्डावर २५० किलोपास्कलपर्यंत मोजणारा मॅप (मॅनिफोल्डमधील दाबाचा) सेन्सर आधीच डाग देऊन बसवलेला असतो, म्हणजे वातावरणाच्या सुमारे १०० किलोपास्कल दाबावर आणखी सुमारे दीड बार बूस्ट मोजण्याची सोय आहे. कंट्रोलर ‘स्पीड-डेन्सिटी’ पद्धतीने चालतो: मॅनिफोल्डमधील दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशेब करतो आणि त्यानुसार इंधन देतो. मूळ गाडीतील हवा मोजणारा मीटर त्यामुळे निघून जातो. टर्बोसाठी ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण मूळ मीटर त्याच्या मोजण्याच्या टोकाला पोहोचला की त्यापुढील हवा इंजिनाला मिळते पण ईसीयूला दिसत नाही, आणि मिश्रण नेमके बूस्टमध्येच लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते.

जोडणीविषयी दोन शब्द पुरे. गाडीच्या मूळ प्लगमध्ये थेट बसणारे तयार मेगास्क्वर्टही मिळतात. मी वायरिंग स्वतः केले आणि त्यात तीन शनिवार-रविवार गेले. ज्यांना डाग देण्याची सवय नाही त्यांनी तयार डबाच घ्यावा. सुट्या वायरिंगमध्ये वाचवलेला पैसा एका खराब अर्थिंगपायी परत जातो.

पहिले खरे काम इग्निशन टायमिंगची, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते त्याची, पडताळणी. हे मी जाड अक्षरांत लिहावे असे मला वाटते, कारण येथे माझ्याच हातून चूक झाली होती. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करण्याची सोय आहे. ती वापरायची, टायमिंग लाइट क्रँक पुलीवर धरायचा आणि खूण खरोखर १० अंशांवर दिसते का ते पाहायचे. मी पहिल्या दिवशी इंजिन चालू झाल्याच्या आनंदात हे न करता ट्यूनिंगला बसलो. आठवड्याने तपासले तेव्हा पडद्यावर १० आणि पुलीवर १६ अंश होते. सहा अंशांचा हा फरक हलक्या पायाने चालवताना जाणवतही नाही, इंजिन उलट जरा तरतरीतच वाटते. बूस्टमध्ये मात्र तेवढाच फरक पिस्टन फोडायला पुरेसा असतो. सुदैवाने तोवर मी टर्बोचा पाइप जोडलेला नव्हता. शिवाय १९९५ च्या मियाटात क्रँकची स्थिती कॅमशाफ्टच्या टोकावरील सेन्सरवरून कळते, म्हणजे क्रँक आणि सेन्सर यांच्यामध्ये संपूर्ण टायमिंग बेल्ट येतो. बेल्टच्या ताणामुळे वरच्या आरपीएमवर टायमिंग थोडेसे इकडेतिकडे होते. तेवढी तूट गृहीत धरून मी बूस्टमधील टायमिंग कायम दोन अंश मागे ठेवले आहे.

इंधनाची बाजू हिशेबाने सुटते. टर्बोवरील इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.६ पाउंड, म्हणजे २७० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते असे धरले, तर २०० हॉर्सपॉवरसाठी तासाला ५४ किलो होतात. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३१५ सीसी, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये या नियमाने किमान ३९५ सीसीचा इंजेक्टर हवा. मूळ इंजेक्टर या आकड्याच्या जवळपासही नाहीत. मी ५५० सीसीचे घेतले आणि पूर्ण थ्रॉटलला लॉगमध्ये ५८ टक्के वापर दिसतो. इंजेक्टर मोठा असला की आयडलवर तो अगदी थोडा वेळ उघडतो, आणि तेव्हा त्याच्या उघडण्यातील विलंब किती आहे हे कंट्रोलरला अचूक माहीत असावे लागते; हा विलंब बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. मेगास्क्वर्टमध्ये त्यासाठी स्वतंत्र वक्र भरता येतो. इंजेक्टर घेताना विक्रेत्याकडून ही माहिती लेखी मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर तो इंजेक्टर घेऊ नये.

मिश्रण मोजण्यासाठी मी इनोव्हेटचा एलसी-२ हा वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा मापक) वापरतो, ज्यात बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर येतो. त्याच्या आउटपुटचे शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९ एअर-फ्युएल रेशो (हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण), म्हणजे एका व्होल्टला तीन अंकांचा फरक. या साध्या गुणाकारात एक धोका दडलेला आहे. वाइडबँडचे आणि कंट्रोलरचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असेल आणि त्या दोन ठिकाणांमध्ये ०.१ व्होल्टचा जरी फरक पडला, तरी कंट्रोलरला ११.८ चे मिश्रण ११.५ दिसते. आपण समाधानाने ट्यून करत राहतो आणि इंजिन मात्र लीन चालत असते. म्हणून दोन्हींचे सेन्सर-अर्थिंग एकाच जागी बांधावे, आणि गेजवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा रोज एकदा ताडून पाहावा. बूस्टमध्ये माझे लक्ष्य ११.५ आहे, म्हणजे लॅम्डा (संपूर्ण ज्वलनाच्या १४.७ या प्रमाणाशी गुणोत्तर) ०.७८; अधिकचे पेट्रोल ज्वलनाचे तापमान उतरवते आणि नॉकिंगला लांब ठेवते.

ट्यूनिंगसाठीचे ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर या कंट्रोलरचे मोठे बलस्थान आहे, आणि त्यातील आपोआप इंधनतक्ता सुधारणारी सोय खरोखर वेळ वाचवते. १६ बाय १६ च्या तक्त्यातील बूस्टखालचा भाग मी तिच्यावरच सोपवला आणि दोन संध्याकाळींत तो ठाकठीक झाला. बूस्टच्या भागात मात्र मी ती बंद ठेवतो. ती सोय चूक घडल्यानंतर सुधारणा करते, आणि १६० किलोपास्कलला चूक घडण्याची वाट पाहणे मला मान्य नाही. तेथे मी तक्ता आधी मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) भरला, मग डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक पायरी चढत, प्रत्येक फेरीनंतर लॉग वाचून, हाताने पेट्रोल कमी केले.

टायमिंगचा क्रमही तसाच. ५००० आरपीएमला बूस्ट नसताना २८ अंश, १५० किलोपास्कलला १८ आणि १६५ ला १५ अशी मी सुरुवात केली. ढोबळ नियम एका पीएसआयमागे एक अंश मागे येण्याचा आहे, पण तो फक्त प्रारंभापुरता. डायनोवर एक अंश वाढवून टॉर्क वाढला नाही तर तो अंश लगेच परत घ्यायचा, कारण त्याने मिळवून काही दिले नाही आणि दाब मात्र वाढवला. टायमिंग फार मागे नेणेही निर्धोक नाही, हे येथे नोंदवले पाहिजे: ज्वलन उशिरा होते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि टर्बो व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. मूळचे प्लग काढून थंड श्रेणीचे, एनजीकेचे बीकेआर७ई लावले आणि फट ०.७ मिलिमीटर ठेवली, मूळची १.१ मिलिमीटरची फट दाटलेल्या हवेत ठिणगीला ओलांडता येत नव्हती आणि बूस्टमध्ये इंजिन अडखळत होते.

नॉकिंगच्या बाबतीत ही गाडी जन्मतः बहिरी आहे, कारण १९९५ च्या मॉडेलला नॉक सेन्सरच नाही. साध्या मेगास्क्वर्ट-३ मध्येही नॉक ओळखणारे सर्किट अंगचे नसते; ते वेगळे घ्यावे लागते. माझ्या मते या उत्पादनाची स्टॉक इंजिनाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि विकत घेण्यापूर्वी ती प्रत्येकाने जाणून घ्यावी. मी जुना उपाय केला. तांब्याच्या नळीचे एक टोक ठोकून चपटे केले, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवर बोल्टने आवळले, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कारखान्यात घालतात तशा कानटोप्यांत आणली, आणि डायनोवर त्या घालून बसलो. इंजिनाच्या एकसुरी घरघरीत नॉकिंगचा आवाज गरम तेलात मोहरी तडतडावी तसा वेगळा ऐकू येतो, आणि एकदा ऐकला की विसरत नाही. ८३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये हा आवाज सुमारे ६.९ किलोहर्ट्‌झचा असतो. नॉक सर्किट लावणाऱ्यांना हा आकडा उपयोगी पडेल. मला १६५ किलोपास्कलला १७ अंशांवर पहिली तडतड ऐकू आली. तक्त्यात मी १४ लिहिले.

ज्या सोयीसाठी मी हा कंट्रोलर पुन्हा घेईन ती म्हणजे आरपीएमनुसार बूस्ट ठरवण्याची. चार हजार आरपीएमपर्यंत कंट्रोलर बूस्टचा सोलेनॉइड (दाब वाढवू देणारी विजेची झडप) वापरतच नाही, म्हणजे इंजिनाला फक्त स्प्रिंगचे १५० किलोपास्कल मिळतात. तेथून ५२०० पर्यंत तो हळूहळू १६५ वर जातो आणि तेथेच थांबतो. रॉडला जेथे धोका आहे तेथे दाब कमी आणि जेथे इंजिन मोकळा श्वास घेते तेथे थोडा अधिक, ही विभागणी साध्या हाती बूस्ट कंट्रोलरने साधत नाही. तो सगळीकडे एकच दाब देतो, आणि लहान टर्बो तो दाब नेमका वाईट ठिकाणी, ३००० च्या सुमारास, सर्वांत आधी देतो. डायनोवर चाकांवर १७१ हॉर्सपॉवर आणि २०३ न्यूटन-मीटर मिळाले. क्रँकवरचा अंदाज बांधला तर मी ठरवलेल्या मर्यादेच्या तो थोडा आतच राहतो. डायनो चालवणाऱ्या तरुणाने आणखी दोन पीएसआय सहज निघतील असे सांगितले, आणि ते खरेही होते. मी नको म्हटले.

संरक्षणाच्या सोयींपैकी दोन मी रोज चालू ठेवतो. पहिली ओव्हरबूस्टची: दाब १८० किलोपास्कलच्या पुढे गेला की इंधन बंद. वेस्टगेटची नळी निसटली तर टर्बोला कोणीच रोखत नसते, तेव्हा हीच एक भिंत उरते. दुसरी मिश्रणाची: वाइडबँडवरचे मिश्रण लक्ष्यापेक्षा ठरावीक फरकाहून लीन झाले आणि ठरावीक वेळ तसेच राहिले, तर कंट्रोलर इंजिन बंद पाडतो. तिची किंमत मला जिंजरमनवर पहिल्याच हंगामात कळली. मागच्या सरळ पट्ट्यावर ५८०० आरपीएमला गाडी एकदम मेली. पाय उचलला, परत चालू झाली, मी पिटमध्ये आलो. मेमरी कार्डवरच्या लॉगमध्ये ११.६ वरून १२.८ पर्यंत चढत गेलेली रेषा स्वच्छ दिसत होती आणि कंट्रोलरने तेथेच हात आखडला होता. इंधनाचा दाब तपासला तर बूस्ट वाढताना तो वाढण्याऐवजी खाली येत होता. पेट्रोलचा नवा पंप मी एका गॅरेजकडून टाकीत बसवून घेतला होता. त्यांनी टाकीच्या आत पंपाला जोडण्यासाठी साधी रबरी नळी वापरली होती. पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी वेगळ्या प्रतीची नळी लागते, जिच्यावर एसएई ३०आर१० अशी खूण असते. साधी नळी बाहेरून भिजून फुगली, चिरली आणि दाब वाढला की पेट्रोल टाकीतल्या टाकीत परत ओतू लागली. सत्तर रुपयांच्या मोलाची ती वस्तू होती. संरक्षणाची ती सोय चालू नसती तर पुढच्या वळणाच्या आधी एखादा पिस्टन गेला असता, याविषयी मला शंका नाही.

ज्या गोष्टी कोणताही कंट्रोलर सुधारू शकत नाही त्यांतील एक या इंजिनाच्या घडणीतच आहे. या घराण्याची इंजिने मुळात पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी आडवी बसवली जात. मियाटात इंजिन उभे बसवताना थर्मोस्टॅट आणि पाणी बाहेर पडण्याची जागा पुढे घेतली गेली. पाणी पुढून आत जाते आणि बरेचसे पुढूनच बाहेर पडते, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहतो आणि टर्बो लावल्यावर नॉकिंग बहुधा तेथूनच सुरू होते. पाण्याची वाट बदलून ते हेडच्या मागून बाहेर काढणारे किट मिळते. मी ते टर्बोच्या आधी बसवले, आणि कोणी सल्ला विचारला तर कंट्रोलरच्याही आधी तेच सांगेन. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर, पण इंजिनाच्या धातूपासून दूर बसवावा. गरम पाइपमध्ये तो स्वतःच तापतो, हवा आहे त्याहून विरळ समजतो आणि पिटमधून निघताना पहिल्या काही सेकंदांत मिश्रण लीन होते. यावर सॉफ्टवेअरमध्ये सुधारणेचा तक्ता आहे, मात्र सेन्सरची जागा बदलणे अधिक बरे.

उणिवांपैकी नॉकची सांगून झाली. दुसरी म्हणजे सूचना-पुस्तिका: ती प्रामाणिक आणि सखोल आहे, परंतु शेकडो पानांची आहे आणि नवख्याला त्यातले आधी काय वाचावे हे कळत नाही. बोर्डाची पेटी पाणी-धुळीपासून बंदिस्त नसल्याने ती गाडीच्या आत, कोरड्या जागीच ठेवावी लागते. हे दोष मला सोसण्याजोगे वाटले. याहून कितीतरी महाग कंट्रोलरमध्ये नॉक सर्किट आणि बंदिस्त पेटी असते, आणि ज्यांना वायरिंगची हौस नाही त्यांनी ते पैसे जरूर खर्चावेत.

कोल्हापूर-पुण्याकडचे मित्र फोनवर विचारतात की आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेट्रोल गाडीला हे करता येईल का. तंत्र तेच आहे, दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. मिशिगनमधल्या पंपावर ९३ ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेचा आकडा) लिहिलेले असते आणि भारतातल्या महाग पेट्रोलवर ९५, म्हणून भारतातले पेट्रोल वरचढ वाटते. पण अमेरिकेतला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो आणि भारतातला रिसर्च ऑक्टेन असतो. अमेरिकेतले ९३ म्हणजे भारतीय मोजमापाने ९७-९८, आणि भारतातले ९५ म्हणजे येथले ९०-९१. माझे टायमिंग जसेच्या तसे तेथे उचलू नये. ते आणखी मागे न्यावे लागेल. ई२० पेट्रोलमध्ये संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ ऐवजी १३.५ च्या जवळ येते, म्हणून तेथे एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्डात विचार करावा आणि इंजेक्टरचा हिशेब थोडा वाढवून घ्यावा. दुसरी गोष्ट कायद्याची: कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले आहे. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझे उत्तर त्यामुळे नाही असेच असते.

दुसरा हंगाम संपल्यावर, गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्यापूर्वी, मी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. टर्बो बसवण्याआधी ते १७८, १७६, १७८ आणि १७५ पीएसआय होते. आता १७६, १७५, १७६ आणि १७२ आहे. चौथ्यातील तीन अंकांची घट मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. नॉक सर्किटची मागणी नोंदवली असून ते वसंतात बसवीन, आणि तोपर्यंत तक्त्यातील १६५ चा आकडा हलवणार नाही.